पाणी तं पिऊ, मंग जाऊ कुठं?

सिकलसेलच्या पेशंटला आपण पहिली सूचना देतो ती पाण्याची. भरपूर पाणी प्या. माझ्या उपकेंद्राच्या भिंतीवर ती लिहिलेली आहे, वाटायच्या पत्रकात छापलेली आहे, आणि समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून मी ती घरोघरी सांगत आले आहे. सूचना शास्त्राला धरूनच आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातल्या एका गावात पोरापोरींनी तिचं पुढं काय केलं, ते मला सांगायचं आहे.

आधी आजाराविषयी थोडं. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. शरीरात पाणी किंवा ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या आणि कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि तिथून पुढे रक्त जात नाही. मग हाडांत, सांध्यांत, छातीत जे दुखतं ते पाहणाऱ्यालाही सोसवत नाही. विदर्भातल्या आदिवासी आणि दलित वस्त्यांमध्ये हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. २०४७ पर्यंत आजार संपवायचा आणि त्यासाठी चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची, असं त्याचं उद्दिष्ट. आमच्याकडेही तपासण्या जोरात झाल्या. आधी सोल्युबिलिटी टेस्ट ही रक्ताची साधी चाचणी, त्यात शंका आली तर पक्क्या निदानासाठी एचपीएलसी ही मशीनवरची तपासणी. रिपोर्ट येतात, पण रिपोर्ट हातात पडल्यावर घरात जे सुरू होतं त्याला मशीन नाही. तिथं बोलावं लागतं.

२०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावातलीच मुलं-मुली साथी म्हणून निवडतात. आशाताईच्या एका कार्यक्षेत्रात साधारण दोन मुलगे, दोन मुली. आमच्या गावात मात्र बसायला येणारी त्याहून बरीच जास्त होती. त्यात दहावीची मुलगी होती, शाळा सोडून ट्रॅक्टर चालवणारा मुलगा होता, आणि दर हंगामात आईबरोबर तेलंगणात मिरची तोडायला जाणाऱ्या दोघी बहिणी होत्या. या बहिणींमुळेच बैठक शाळेतून गोटुलात, म्हणजे गोंडांच्या गावातल्या एकत्र जमायच्या घरात, आली. शाळेत पाय ठेवायचा त्यांना संकोच वाटायचा, आणि दुपारी चारला त्या कामावर असायच्या. वेळ आणि जागा पोरांनी आपसांत ठरवली आणि मला फक्त कळवली. मला ते फार आवडलं.

जूनमधला रविवार होता. तेंदूपत्त्याचं काम आटोपलेलं, धानाचे पऱ्हे टाकून झालेले, रोवणीला, म्हणजे रोपं शेतात लावायला, अजून अवकाश. गावाला सिकलसेलची माहिती सांगायची होती आणि ती या वेळी मी न सांगता पोरांनी सांगायची होती. मी कार्यालयातून आलेलं पत्रक त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, यातलं काय ठेवायचं, काय बदलायचं ते तुम्ही पाहा.

पत्रक पुस्तकी मराठीत. घरात गोंडी आणि बाजारात झाडीबोली बोलणारी ही पोरं. त्यांनी एकेक ओळ वाचून आपल्या भाषेत करायला सुरुवात केली. पहिल्याच ओळीवर गाडं अडलं.

"पाणी तं पिऊ जी मॅडम," दहावीची मुलगी म्हणाली, "मंग जाऊ कुठं?"

ती स्वतः एसएस आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून सिकलचं जनुक आलेली. हे गटाला तिनंच कधीतरी सांगितलं होतं. शाळेतल्या मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, नळाला पाणी नाही. म्हणून ती सकाळी घरून निघताना पाणी पीत नाही आणि शाळेत बाटली उघडत नाही. संध्याकाळी घरी आली की पिते. एवढं तिनं सांगितलं आणि बाकीच्या मुली एकदम बोलायला लागल्या. आजार असो-नसो, सगळ्यांचं तेच होतं. मुलगे ऐकत राहिले. ज्यांच्यासोबत रोज एकाच वर्गात बसतो त्या मुली दिवसभर तहानलेल्या असतात, हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग ती पुढं म्हणाली, "मले घडीघडी जावं लागते. बाई म्हणतात, आत्ता तं गेली होतीस."

इथं मी बोलले, कारण हे त्या पत्रकात नव्हतं आणि असायला हवं होतं. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडावरही परिणाम होतो. लघवी घट्ट करून शरीरात पाणी राखायची त्याची ताकद कमी होते. त्यामुळे या मुलांना लघवीला वारंवार जावं लागतं, शरीरातलं पाणी इतरांपेक्षा लवकर कमी होतं, आणि पाणी कमी झालं की पेशी वाकायला लागतात. म्हणजे ज्या मुलीला सगळ्यांत जास्त पाणी प्यायला हवं तिलाच सगळ्यांत जास्त वेळा संडास लागतो, आणि कडी नाही म्हणून पाणी सोडते तीच. तिच्या दुखण्याचं कारण जेवढं रक्तात होतं तेवढंच त्या दारात होतं. गेल्या हिवाळ्यात ती ज्या दुखण्यानं जिल्हा रुग्णालयात भरती झाली, ते शाळा सुरू असतानाचं होतं, सुट्टीतलं नव्हतं. आई म्हणायची, पोरीला अभ्यास झेपत नाही.

मला त्या क्षणी राग आला होता, आणि तो राग योग्य होता असं मला आजही वाटतं. आरोग्यशिक्षण म्हणून आपण माणसाला काय करायचं ते सांगतो, पण ते करता यावं म्हणून आजूबाजूचं काय बदलायला हवं, ते सांगणाऱ्याच्या यादीत नसतं. पोरांच्या यादीत ते आपोआप आलं, कारण त्यांना ते रोज भोगावं लागतं.

पत्रकातली शेवटची ओळ लग्नाची होती. लग्नाआधी तपासणी करा, दोन वाहकांनी आपसांत लग्न टाळा. वाहक म्हणजे एएस, एकाच पालकाकडून जनुक आलेला. त्याला सहसा काही त्रास होत नाही. मिरचीवाल्या बहिणींतली मोठी म्हणाली, "पोरीचाच रिपोर्ट पायतात. पोराचा कोन पायते?" गावातल्या एका मुलीचं जमलेलं लग्न ती वाहक निघाली म्हणून मोडलं होतं. मुलाची तपासणी झालीच नव्हती. त्या ओळीनं मुलीची सोयरीक गेली, आणि त्या मुलाच्या पुढच्या बायकोच्या लेकरांना धोका तेवढाच राहिला. मग पोरांनी ठरवलं की मुलग्यांनी आधी तपासणी करून घ्यायची. कुणाचा रिपोर्ट काय आला हे चारचौघांत विचारायचं नाही. दोघं वाहक असली आणि लग्न केलंच, तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच मोठ्या दवाखान्यात बाळाची तपासणी करता येते, हेही सांगायचं.

संध्याकाळी गोटुलात माणसं जमली. ट्रॅक्टरवाल्या मुलानं दोन वाट्या मांडल्या. एक आईची, एक बापाची. प्रत्येकीत दोन दाणे, एक लाखोळी या कडधान्याचा आणि एक उडदाचा. उडीद म्हणजे सिकलचं जनुक. डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक दाणा उचलायचा. जे दोन हातात येतील ते बाळ. दोन्ही लाखोळी आले तर काहीच नाही, एक-एक आला तर वाहक, दोन्ही उडीद आले तर आजार, आणि तसं साधारण चारात एकदा येतं. दाणे परत वाटीत टाकायचे आणि पुढचं बाळ.

सुरुवातीला हसणं-खिदळणं चाललं होतं. मग एका म्हाताऱ्या आजीनं म्हटलं, "हे सुनेकडून येते. आमच्या घरी नव्हतं." सभेत दरवेळी हे वाक्य येतंच. या वेळी उत्तर द्यायला कुणी उठलं नाही. त्या मुलानं फक्त आजीच्या मुलाला पुढं बोलावलं. तो तिथंच होता; त्याचा धाकटा मुलगा एसएस आहे. त्यानं बापाच्या वाटीत हात घातला. उडीद आला. आईच्या वाटीतूनही उडीद आला. परत टाकले, परत उचलले. पुन्हा दोन्ही उडीद. कुणीतरी म्हणालं, "चारात एक म्हनलं होतं ना? मंग लागोपाठ काहून?"

खूप आईबापांना हेच समजत नाही, आणि शब्दांनी समजावताना मी पुष्कळदा दमले आहे. चारात एक याचा अर्थ एक मूल आजारी निघालं की पुढची तीन सुटली, असा नाही. दर गरोदरपणात दाणे नव्यानं वाटीत पडतात. बाप तसाच वाटीत बोटं घालून उभा राहिला आणि आईकडे न बघता म्हणाला, "मा, एक माह्याकडूनही लागतेच. नाही तं पोराले आजार होतच नाही." आजी काही बोलली नाही. सून मागं बायांत बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला. तिला किती वर्षं काय ऐकावं लागलं असेल ते तिलाच ठाऊक.

मलेरियाची गोष्ट मिरचीवाल्या धाकटीनं सांगितली. सिकलचं एकच जनुक असलेल्याला मलेरियाच्या गंभीर रूपापासून बरंच संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या जंगलपट्ट्यात हे जनुक टिकून राहिलं. पण एसएस असलेल्याला मात्र मलेरिया फार घातक, तेव्हा मच्छरदाणी सोडायची नाही. "कोनाचं पाप नाही हे," असं तिनं वर जोडलं. ते मी शिकवलं नव्हतं. औषधाचं मी सांगितलं. हायड्रॉक्सियुरियानं दुखण्याच्या उबळी कमी होतात, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानं रोज घ्यावं लागतं आणि अधूनमधून रक्त तपासत राहावं लागतं.

पुढच्या ग्रामसभेत पोरांनी अर्ज दिला. शाळा आमच्याच ग्रामपंचायतीत येते. पेसाच्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या, ५ टक्के अबंध (ग्रामसभेनं ठरवून खर्चायच्या) निधीतून संडासाची दुरुस्ती आणि पाण्याची टाकी, असा ठराव झाला. कडी तर मुख्याध्यापकांनी ठरावाची वाट न पाहता त्याच आठवड्यात लावून घेतली. सिकलसेलच्या मुलांना वर्गातून केव्हाही बाहेर जाऊ द्यावं, असं पत्र मी उपकेंद्राच्या लेटरहेडवर दिलं. शिक्षकांनी ते समजून घेतलं. कारण माहीत नव्हतं एवढंच. दहावीच्या मुलीच्या दप्तरात आता पाण्याची बाटली असते आणि ती रिकामी होऊन घरी येते.

रोवणीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. दिवसभर पावसात, चिखलात वाकून काम, अंग गारठलेलं. थंडी आणि श्रम दोन्ही सिकलला वाईट, आणि वर बाया आडोसा नाही म्हणून पाणीही पीत नाहीत. रोवणीला जाऊ नका असं सांगणं सोपं आहे, पण त्या मजुरीवर घर चालतं. पोरांनी बांधीच्या (धानाच्या शेताच्या) धुऱ्यावर बांबूच्या तट्ट्याचा आडोसा करायचा ठरवलं. सामूहिक वनहक्कामुळे बांबू गावाचाच आहे, विणणारे हातही आहेत. या हंगामात दोन मालकांनी होकार दिला. बाकीचे म्हणतात, चार दिवसांच्या कामाला एवढं कशाला. त्यांच्याकडे पोरं एकेक करून जाणार आहेत, दाण्यांच्या वाट्या घेऊन, आणि मीही सोबत जाणार आहे.