मार्कडाउन ते टर्मिनल, आवृत्ती ०.४: रुंदी मोजण्याचे काम मार्गी लागले

कॉमनमार्कमध्ये (मार्कडाउनच्या प्रमाणित रूपात) लिहिलेले सॉफ्टवेअरचे डॉक्युमेंटेशन टर्मिनलमध्ये सुबक करून दाखवणाऱ्या कन्व्हर्टरची ही चौथी नोंद. मथळे, परिच्छेद, एकात एक याद्या, कोड, अवतरणे आणि लिंक आता नीट उमटतात. टेबलांचे काम अर्धे झाले आहे. या आवृत्तीत नवी सोय फारशी नाही, पण आतली मांडणी पार बदलली. ओळी भलत्याच जागी तुटत होत्या, आणि त्याचे मूळ एकच निघाले: ठळक-तिरप्याचे कोड मजकुरात फार लवकर मिसळले जात होते.

ठळक अक्षरे सुरू करायला टर्मिनलला चार बाइट पाठवावे लागतात: एस्केप, चौकोनी कंस, १ आणि एम. थांबवायला १ऐवजी २२, म्हणजे पाच बाइट. पडद्यावर या नऊ बाइटांना जागा लागत नाही. जुन्या मांडणीत `**सावधान**` दिसताच पार्सर (मार्कडाउन वाचून त्यातल्या खुणा ओळखणारा भाग) हे नऊ बाइट शब्दाला चिकटवून मोकळा व्हायचा, आणि रॅपिंगचे, म्हणजे ओळी मोडण्याचे, फंक्शन त्यांनाही अक्षरे समजून मोजायचे. ८० घरांच्या (घर म्हणजे पडद्यावरची एका अक्षराची जागा) ओळीत असे चार शब्द आले की ३६ घरे वाया. ओळ चव्वेचाळिसाव्या घराच्या आसपासच मोडायची. साध्या परिच्छेदात हे कधी दिसले नाही. पर्यायांची वर्णने जिथे दाटीने येतात तिथेच उजवा समास दातेरी व्हायचा.

मोजण्यापूर्वी रेग्युलर एक्स्प्रेशनने कोड गाळून टाकावेत हा उपाय पहिल्यांदा सुचतो. तो टिकत नाही. रंगांच्या कोडांचा साचा वेगळा, लिंकच्या कोडांचा वेगळा, आणि शब्द मधूनच तोडायची वेळ आली तर कोडही मधून तुटतो. म्हणून आता तीन पायऱ्या आहेत. पार्सर मजकुराच्या रचनेचा ट्री बनवतो. मांडणीची पायरी त्या ट्रीचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्यासोबत मजकूर, शैलीचे बिट आणि घरांतली रुंदी एवढेच ठेवते. शेवटची पायरी छापते. एस्केप बाइट तयार करणारे फंक्शन सगळ्या प्रोग्रॅममध्ये एकच आहे. शोधल्यावर दुसरे सापडले तर तो बग समजायचा.

यात एक खाच आहे. ओळ मोडायचे एकक तुकडा नव्हे, शब्द. `**पर्याय**,` इथे स्वल्पविराम वेगळ्या तुकड्यात पडतो, कारण तो ठळक नाही. तुकड्यांच्या सीमेवर ओळ मोडू दिली तर एकटा स्वल्पविराम पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतो. म्हणून शब्द ही तुकड्यांची यादी आहे, आणि मोडायची परवानगी फक्त स्पेसपाशी.

स्पेस म्हणजे नेमके काय, हेही ठरवून घ्यावे लागले. पायथनचे साधे स्प्लिट न तुटणाऱ्या स्पेसवरही शब्द तोडते, म्हणजे लेखकाने मुद्दाम बांधून ठेवलेले ‘१० एमबी’ सुटे होते. पायथनचेच टेक्स्टरॅप मॉड्यूल ती चूक करत नाही, पण ते हायफनवर तोडते, त्यामुळे `--ड्राय-रन` हा पर्याय `--ड्राय-` आणि `रन` असा दोन ओळींत जातो. वाचणारा ते पर्यायाचे नाव म्हणून टाइप करणार, हे लक्षात घेता हायफनवर तोडणे पूर्ण बंद ठेवणेच बरे. लांब पाथ किंवा पत्ता ओळीत मावला नाही तर तो बाहेर जाऊ द्यायचा. तुटलेला पाथ कॉपी करून चालत नाही. बाहेर गेलेला चालतो.

शैली सुरू करणे सोपे, थांबवणे अवघड

प्रत्येक शैलीच्या शेवटी ० पाठवून सगळे पुसायचे, ही सवय सोडून दिली. ठळक मथळ्यात एखादा शब्द तिरपा असेल तर तिरपेपणा संपताना ० गेला की मथळ्याचा उरलेला भाग फिका पडतो. ठळकसाठी १ आणि २२, तिरप्यासाठी ३ आणि २३, अधोरेखितासाठी ४ आणि २४ अशा जोड्या आहेत. पण २२ हा ठळक आणि मंद (कोड २) दोन्ही एकदम बंद करतो. ठळक मजकुरातला मंद शब्द संपला की २२ पाठवून लगेच १ पुन्हा पाठवावा लागतो. ठळक बंद करायला २१ वापरलेला कोड अजून दिसतो. या कोडांच्या प्रमाणकात २१ म्हणजे दुहेरी अधोरेखा, त्यामुळे काही टर्मिनलांत ठळकपणा जात नाहीच, उलट खाली दोन रेघा येतात.

हे सगळे हाताने सांभाळण्यापेक्षा छापणाऱ्या फंक्शनने ‘सध्याची स्थिती’ आणि ‘हवी असलेली स्थिती’ यांची तुलना करायची आणि फक्त फरक पाठवायचा. साधारण ३० ओळींचे काम आहे, आणि एकात एक शैली कितीही खोल गेल्या तरी ते चुकत नाही.

ओळीच्या शेवटी मात्र हवी असलेली स्थिती नेहमी कोरी. पुढच्या ओळीत इंडेंटच्या स्पेस छापून झाल्यावरच शैली पुन्हा सुरू होते. तसे केले नाही तर अधोरेखा डाव्या समासातल्या रिकाम्या जागेखालीही ओढली जाते. शिवाय पेजरमध्ये (लांब मजकूर पानापानाने दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) मागे सरकताना पडदा एखाद्या मधल्याच ओळीपासून उभा राहतो. शैली सुरू करणारा कोड त्याच्या आधीच्या ओळीत राहून गेला तर ती शैली दिसतच नाही.

कोडच्या ठोकळ्याला पार्श्वरंग देऊन पाहिला आणि काढून टाकला. रंग उजव्या कडेपर्यंत न्यायचा तर ओळ स्पेसने भरावी लागते, आणि मग कॉपी केलेल्या प्रत्येक ओळीला शेपटीसारख्या स्पेस चिकटून येतात. चार घरांचा इंडेंट पुरेसा आहे.

इथेच टॅबचा घोळ होता. इंडेंट चार घरांचा आणि टॅबचे थांबे आठ-आठ घरांवर, म्हणजे ओळीतला पहिला टॅब चारच घरे पुढे नेतो. शेजारच्या ओळीत आठ स्पेस असतील तर ती बाराव्या घरापर्यंत जाते. मूळ फाइलमध्ये एकाखाली एक असलेल्या दोन ओळी चार घरांनी विस्कटतात. उपाय सोपा: इंडेंट लावण्याआधी, कोडचा स्वतःचा शून्यावा स्तंभ धरून टॅबच्या स्पेस करून घ्यायच्या.

देवनागरीची रुंदी

सर्वांत जास्त वेळ इथे गेला, आणि तो सार्थकी लागला. ‘स्त्री’ हा शब्द घ्या. यूटीएफ-८मध्ये तो १८ बाइटांचा आहे आणि त्यात सहा कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हे) आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र, दुसरी वेलांटी. मार्कुस कून यांची डब्ल्यूसीविड्थ (चिन्हाला किती घरे लागतात ते सांगणारे फंक्शन), जिच्या प्रती असंख्य प्रोग्रॅममध्ये आहेत, या शब्दाला चार घरे देते. तिन्ही व्यंजनांना एकेक, हलन्तांना शून्य आणि वेलांटीला एक.

वेलांटीला एक का? युनिकोडमध्ये आपल्या मात्रांचे दोन वर्ग आहेत. उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे जागा न घेणाऱ्या चिन्हांत येतात. काना, दोन्ही वेलांट्या, ओकार, औकार आणि विसर्ग हे जागा घेणाऱ्या चिन्हांत. कून यांचे फंक्शन फक्त पहिल्या वर्गाला शून्य देते. काही नव्या लायब्ररी दोन्ही वर्गांना शून्य देतात. त्यांच्या लेखी ‘स्त्री’ तीन घरांचा. आणि युनिकोड १५.१ने २०२३मध्ये जोडाक्षर हा एकच अक्षरगट मानण्याचा नियम आणला, त्यामुळे अक्षरगटाप्रमाणे घरे देणारे टर्मिनल हा सगळा शब्द एका किंवा दोन घरांत बसवू शकते. परिच्छेदात याने फारसे बिघडत नाही, ओळ थोडी आखूड किंवा लांब होते इतकेच. टेबलात मात्र उभ्या रेघा वाकड्या होतात आणि ते लगेच नजरेत भरते.

यातले खरे उत्तर कोणते, हा प्रश्नच चुकीचा आहे. टर्मिनल जे करेल ते खरे. म्हणून टर्मिनललाच विचारायचे. ओळीच्या सुरुवातीला ‘कि’ छापा. एस्केप, चौकोनी कंस, ६, एन हे पाठवा. टर्मिनल कर्सरची ओळ आणि स्तंभ कळवते. स्तंभातून एक वजा केला की रुंदी मिळाली. २ आले तर वेलांटीला घर मिळते, १ आले तर नाही. मग तेच ‘क्त’वर: २ आले तर व्यंजने सुटी मोजली जातात, १ आले तर जोडाक्षर एकच धरले जाते. या दोन उत्तरांवरून मोजणीची पद्धत ठरवता येते. शेवटी ओळीच्या सुरुवातीला येऊन ती पुसून टाकायची.

चाचणी नियंत्रक टर्मिनलवरच (प्रोग्रॅम ज्यातून सुरू झाला त्यावर) करावी. स्टँडर्ड इनपुट पाइपमधून येत असू शकते. इको बंद आणि इनपुट रॉ मोडमध्ये (एंटरची वाट न पाहता वाचणारे) हवे, नाहीतर उत्तराचे आकडे पडद्यावर उमटतात. २०० मिलिसेकंदांत उत्तर आले नाही तर कून यांच्या पद्धतीवर परत. संथ रिमोट कनेक्शनवर उत्तर उशिरा येते आणि प्रोग्रॅम संपल्यावर शेलच्या प्रॉम्प्टवर कचऱ्यासारखे पडते. त्यामुळे ही चाचणी आपोआप होत नाही, पर्याय दिला तरच होते.

जुन्या पद्धतीचे, म्हणजे अक्षर-बॅकस्पेस-अक्षर असे दोनदा छापून ठळक करणारे आउटपुट काढून टाकले. एनरॉफ या जुन्या मजकूर-मांडणीच्या प्रोग्रॅमच्या काळापासून चालत आलेली ही युक्ती लेस हा पेजर अजूनही ओळखतो, आणि लॅटिन लिपीत ती छान चालते. देवनागरीत प्रत्येक कोडपॉइंटनंतर बॅकस्पेस आला की हलन्त आणि पुढचे व्यंजन यांची ताटातूट होते आणि जोडाक्षर मोडते. एस्केप कोड शब्दाच्या दोन टोकांना असतात, आतल्या अक्षरांना हात लावत नाहीत.

आणखी एक बारीक गोष्ट. बाहेरून आलेल्या फाइलमध्ये एस्केप बाइट लपलेला असू शकतो, म्हणून नियंत्रण-चिन्हे गाळणे आवश्यकच आहे: टॅब आणि नवी ओळ सोडून ३२च्या खालची सगळी, १२७, आणि १२८ ते १५९. शेवटचा गट विसरला जातो; त्यातला १५५ हा एकटाच ‘एस्केप आणि चौकोनी कंस’ या जोडीचे काम करतो. पण गाळणीत ‘न दिसणारी सगळी चिन्हे’ असा ढोबळ नियम लावला तर झीरो विड्थ जॉइनरही (अक्षरांची जोडणी ठरवणारे न दिसणारे चिन्ह) जातो. मराठीत त्याचा फटका लगेच बसतो: ‘दुसर्‍या’मधला र त्या जॉइनरने लिहिलेला असेल तर शब्द ‘दुसर्या’ होतो, रफार चढतो. ऱ वापरून लिहिलेला ‘दुसऱ्या’ वाचतो. दोन्ही रूपे टेस्टमध्ये घातली आहेत.

बाकीचे थोडक्यात

याद्यांमध्ये आधी सगळ्यांत रुंद क्रमांक मोजून मग छापायचे, म्हणजे ९ वरून १०वर जाताना मजकूर एक घर सरकत नाही. कितीही खोल यादी असली तरी मजकुराला २० घरे उरली की आणखी इंडेंट थांबतो.

पार्सरबद्दल एकच तक्रार वारंवार येते: `**टीप:**हे पाहा` ठळक होत नाही. कन्व्हर्टर बरोबर आहे. बंद करणाऱ्या ताऱ्यांच्या आधी विरामचिन्ह आणि नंतर अक्षर असेल तर कॉमनमार्कच्या नियमाने ते तारे बंद करणारे ठरतच नाहीत. अपूर्णविराम (:) ताऱ्यांच्या बाहेर घ्या किंवा नंतर स्पेस द्या. नियम वाकवून ‘समजून घेणारा’ पार्सर करायचा नाही, कारण मग तीच फाइल इतरत्र वेगळी दिसते.

रुंदी आधी टर्मिनलकडून घेतली जाते, मग एन्व्हायर्नमेंटमधून, नाहीतर ८०. टर्मिनल कधी कधी ० स्तंभ सांगते, सीरियल लाइनवर हमखास; ते न तपासल्यास रॅपिंगचे लूप संपतच नाही. परिच्छेद ७८ घरांपेक्षा रुंद होऊ देत नाही. मॅन्युअलची पाने दाखवणाऱ्या मॅनडॉकचीही ठरलेली रुंदी तितकीच आहे, आणि त्याहून लांब ओळीत नजर पुढची ओळ चुकते. स्वतः पेजर सुरू करायचा असेल तर रुंदी आणि रंगाचा निर्णय त्याआधीच घ्यावा. पाइप जोडल्यावर आउटपुट टर्मिनल राहत नाही, आणि सगळे शैलीविना छापले जाते.

टेस्ट ४०, ८० आणि १३२ घरांवर चालतात. प्रत्येक नमुन्यावर दोन अटी: कोड गाळलेले आउटपुट साध्या आउटपुटशी तंतोतंत जुळले पाहिजे, आणि कोडचा ठोकळा किंवा एकटा न तुटणारा शब्द सोडून कोणतीही ओळ मर्यादेबाहेर जाता कामा नये. पहिल्या अटीने एकटीने सहा बग पकडले.

टेबलांत प्रत्येक स्तंभाची किमान रुंदी म्हणजे त्यातला सर्वांत लांब शब्द आणि कमाल म्हणजे न मोडलेला पूर्ण मजकूर. उरलेली घरे कमाल-किमानातल्या फरकाच्या प्रमाणात वाटली जातात. किमान रुंदींची बेरीजच मावत नसेल तर टेबल सोडून ‘मथळा: मजकूर’ अशी यादी छापायची. ही वाटणी चालते आहे. राहिले आहे ते रकान्यातल्या `\|`चे: कोडच्या खुणांच्या आत असतानाही त्याची साधी उभी रेघ झाली पाहिजे, कारण रकाने आतल्या मजकुराआधी पाडले जातात. सध्या तिथे उलटी तिरकी रेघ तशीच छापली जाते.