सगळे सारखेच वाटतात, तरी एवढे का ऐकता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न मला नेहमीचा आहे, आणि तो विचारणाऱ्यांत चांगल्या कानाची माणसंही असतात. "जिमी स्मिथ, जॅक मॅक्डफ, जिमी मॅग्रिफ... सोल जॅझमधले हे ऑर्गनचे अल्बम एकासारखे एक वाटतात. तेच ब्लूज, तोच ठेका, तोच घोगरा आवाज. एवढे अल्बम ऐकून तुम्हाला मिळतं तरी काय?"

सारखे वाटतात हे अगदी खरं आहे. सोल जॅझ म्हणजे ब्लूज आणि चर्चच्या गाण्याचा रंग असलेलं जॅझ. साधारण 1956 ते 1970 या काळातले हे अल्बम. बहुतेकांत माणसं तीन किंवा चार: ऑर्गन, गिटार, ड्रम्स आणि बरेचदा टेनर सॅक्सोफोन. पुष्कळशा रचना ब्लूजच्या, म्हणजे बारा बारचं (बार म्हणजे चार मात्रांचा एक खंड) एक आवर्तन, ते पुन्हा पुन्हा. कान साहजिकच ऑर्गनच्या उजव्या हाताकडे जातो, कारण सुरावट तिथे असते. आणि या संगीतात उजव्या हाताची भाषा पुष्कळशी सामायिक आहे. एकाने वाजवलेली जागा दुसऱ्याकडे सापडते, तिसऱ्याकडेही. त्यामुळे तिथेच ऐकत राहिलात तर तीन अल्बमनंतर कंटाळा येणार, यात तुमचा दोष नाही.

माझं सांगणं एवढंच आहे की हे संगीत खालून ऐका. बास ऐका. तो वाजवायला वेगळा माणूस नाही, ऑर्गन वाजवणाराच डाव्या हाताने आणि डाव्या पायाने तो वाजवतोय. उजव्या हाताच्या सगळ्या करामती त्या बासवर उभ्या आहेत. (फोनच्या स्पीकरवर ऐकत असाल तर हा बास तुमच्यापर्यंत पोचतच नाही. साधे हेडफोन तरी लावा. नाहीतर अर्ध्याहून जास्त गाणं हरवतं.)

यासाठी वाद्य कसं चालतं ते थोडं सांगायला हवं. आपल्या संगीत नाटकांतला ऑर्गन पायाने भाता मारून, हवेवर वाजायचा. या अल्बमांतल्या हॅमंड ऑर्गनमध्ये हवेचा संबंधच नाही. लॉरेन्स हॅमंड हा शिकागोचा, विजेची घड्याळं बनवणारा माणूस, स्वतः वादक नव्हता. घड्याळात चालणारी, विजेच्या पुरवठ्याशी वेग जुळवून फिरणारी मोटर त्याने वाद्यात घातली. त्या मोटरवर दातेरी पोलादी चकत्या फिरतात, प्रत्येक चकतीजवळ चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं, आणि चकतीचे दाते समोरून जातात तसा विजेचा सूर तयार होतो. या संगीतात सगळ्यात गाजलेलं बी-थ्री हे मॉडेल घेतलं तर त्यात अशा 91 चकत्या असतात. वाद्याचं पेटंट 1934 चं, आणि 1935 पासून ते विकायला आलं. पाइप ऑर्गन न परवडणाऱ्या चर्चनी ते घेतलं. त्यांत कृष्णवर्णीयांची चर्च पुष्कळ होती, आणि पुढे जॅझच्या ऑर्गनवर जो चर्चचा रंग दिसतो तो इथून आलेला आहे.

आता यातली कळीची गोष्ट. पियानोचा सूर लागल्यावर विरत जातो, डबल बासचा आणि गिटारचाही. हॅमंडचा सूर विरत नाही. पट्टी दाबलेली आहे तोपर्यंत तो तेवढ्याच ताकदीने वाजत राहतो. जोरात दाबा, हळू दाबा, आवाजात फरक पडत नाही. लहानमोठा आवाज उजव्या पायाखालच्या पेडलने होतो. त्यामुळे या वाद्यावर बास चालवणाऱ्याला सूर केव्हा लावायचा याच्याइतकंच तो केव्हा सोडायचा हेही प्रत्येक मात्रेला ठरवावं लागतं. जरा उशिरा सोडला की बास चिकट होतो, ओढल्यासारखा चालतो. जरा लवकर सोडला की तुटक वाटतो, नाचायला मजा येत नाही. दोन सुरांमधली ती चिमूटभर जागा प्रत्येकाची वेगळी असते. मी अल्बम ओळखते ते बहुतेक वेळा त्या जागेवरून.

यात पायाचाही वाटा आहे, पण तो अनेकांना वाटतो तसा नाही. पुष्कळ वादक बासची चाल डाव्या हाताने खालच्या पट्ट्यांवर वाजवतात आणि पायाने खालच्या बासच्या पेडलला नुसती टिचकी मारतात. त्या टिचकीने सुराला सुरुवातीचा धक्का मिळतो, डबल बासच्या तारेवर बोट आपटतं तसा. हाताचा सूर आणि पायाचा ठोका इतका एकजीव होतो की ऐकणाऱ्याला एकच वाद्य वाटतं. जिमी स्मिथची ही खास रीत. तो मूळचा पियानोवादक, पण डबल बासही शिकलेला. फिलाडेल्फियातल्या एका गोदामात ऑर्गन ठेवून तो महिनोन्‌महिने एकटा बसला, पेडल्सचा नकाशा भिंतीवर लावून, खाली न बघता पाय कुठे पडायला हवा ते अंगात मुरेपर्यंत. 1956 मध्ये ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी त्याचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं आणि त्यानंतर हे वाद्य वाजवायची पद्धतच बदलली.

योगायोग म्हणा, पण जॅक मॅक्डफची सुरुवातही बास वाजवण्यातून झाली, आणि मॅग्रिफही स्वतःच्या पहिल्या गटात डबल बास वाजवायचा. ऑर्गनपर्यंत हे लोक बासच्या वाटेने आले. मला हे कळलं तेव्हा माझ्या ऐकण्याला एकदम आधार सापडला.

उजव्या हाताबद्दलही एक गोष्ट सांगते, कारण ती कळली की सुरावट ऐकायची पद्धत बदलते. बी-थ्रीत सुराच्या सुरुवातीला एक टणक ठोका जोडता येतो. पण आधीच्या सगळ्या पट्ट्या पूर्ण सोडल्याशिवाय तो ठोका पुन्हा येत नाही. सूर एकमेकांत मिसळत वाजवले तर पहिल्यालाच ठोका, बाकीचे मऊ. सुटे सुटे वाजवले तर प्रत्येकाला ठोका. म्हणजे कुठला सूर टोकदार आणि कुठला गुळगुळीत, हे वादक बोट उचलण्यातून ठरवतो. शिवाय पट्टी दाबताना विजेचा एक बारीक 'टिक' येतो. कारखान्यातल्या लोकांना तो वाद्याचा दोष वाटे आणि तो घालवायचे प्रयत्नही झाले. जॅझवाल्यांना तो हवाच होता, कारण त्यानेच सुराला धार येते.

सुरुवात कुठून करायची, तर जिमी स्मिथच्या 'बॅक ॲट द चिकन शॅक'पासून. ध्वनिमुद्रण 25 एप्रिल 1960, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या एंगलवुड क्लिफ्स इथल्या स्टुडिओत. सोबत टेनरवर स्टॅन्ली टरेंटाइन, गिटारवर केनी बरेल, ड्रम्सवर डॉनल्ड बेली. त्या एका बैठकीतून दोन अल्बम निघाले. दुसरा 'मिडनाइट स्पेशल'. 'चिकन शॅक'ची शीर्षकाची रचना आठ मिनिटांची, निवांत चालीचं ब्लूज. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा काहीच घडत नाही असं वाटेल. दुसऱ्यांदा फक्त बास धरा. प्रत्येक बारला चार सूर, सरळ चालत जाणारे, आणि आठ मिनिटांत त्याला कुठेही घाई नाही. टरेंटाइन रुंद, दाणेदार आवाजात बोलायला लागतो तेव्हा बास तसूभरही पुढे सरत नाही. डॉनल्ड बेलीकडेही लक्ष द्या. तो अगदी कमी वाजवतो. ऑर्गनसारखं खोली भरून टाकणारं वाद्य शेजारी असताना कमी वाजवायला फार मोठी समज लागते. तो स्मिथकडे वर्षानुवर्षं टिकला याचं मला नवल वाटत नाही.

त्याच स्मिथने व्हर्व कंपनीसाठी मोठ्या वाद्यवृंदासोबत केलेले अल्बम जास्त खपले. 1962 मधलं 'वॉक ऑन द वाइल्ड साइड' तर अमेरिकेच्या पॉप यादीत 21 व्या क्रमांकापर्यंत गेलं. माझं त्यांच्यात फारसं मन रमत नाही. वाद्यवृंद आला की खाली मोकळी जागा उरत नाही, आणि मला ऐकायचं असतं ते नेमकं तिथे.

हे संगीत जिथे वाजत होतं ती ठिकाणंही ऐकण्यात धरायला हवीत. न्यूआर्क, फिलाडेल्फिया, हार्लेम इथल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमधले बार. दिवसभर काम करून आलेली माणसं, गप्पा, ग्लासांचे आवाज, जागा मिळाली तर नाच. बारच्या मालकाला तिघांच्या पैशात अख्ख्या बँडचा आवाज मिळत होता. वादकाला मात्र जवळपास दोनशे किलोचं ते धूड आणि सोबत लेस्ली स्पीकरचं कपाट गावोगाव न्यावं लागे. काहींनी त्यासाठी शववाहिकाच विकत घेतल्या होत्या. लेस्लीच्या कपाटात वर कर्णा फिरतो, खाली बासचा ढोल, आणि फिरण्याचा वेग बदलला की आवाज थरथरतो. एकाच सुरावर थांबून वादक तो वेग वाढवतो, तेव्हा बारमधली माणसं ओरडतात. समीक्षकांनी या संगीताकडे बराच काळ करमणूक म्हणून नाक मुरडलं. करमणूक ते होतंच. थकलेल्या माणसांना बसल्या जागी डोलायला लावायचं, आणि तेही खोटं न वाजवता, हे काम मी हलकं मानत नाही.

ते ऐकायचं तर 'ब्रदर जॅक मॅक्डफ लाइव्ह!' लावा. जून 1963, न्यूआर्कमधला 'द फ्रंट रूम' नावाचा क्लब. गिटारवर जॉर्ज बेन्सन, तेव्हा वय वर्षं 20, ड्रम्सवर जो ड्यूक्स, टेनरवर रेड हॉलोवे. 'रॉक कँडी' ही रचना सुरू झाल्यावर लोकांचा आवाज ऐका. मॅक्डफचा बास स्मिथपेक्षा आखूड आणि कडक आहे, सूर लवकर सोडलेला. त्यामुळे ड्यूक्सला मध्ये घुसायला वाव मिळतो आणि तो तो पुरेपूर वापरतो. 'चिकन शॅक'नंतर लगेच हे ऐकलंत तर सारखेपणाचा प्रश्न तुमचा तुम्हालाच सुटेल.

रिचर्ड 'ग्रूव्ह' होम्सचं 'सोल मेसेज' (1965) घ्या, त्यात 'मिस्टी' हे हळुवार प्रेमगीत त्याने उड्या मारत नेलं आहे. मॅग्रिफचं 'आय हॅव गॉट अ वुमन' (1962) दोन भागांत तोडून छोट्या तबकडीच्या दोन बाजूंवर विकलं गेलं, ज्यूकबॉक्समध्ये वाजायला. चार्ल्स अर्लंडचं 'ब्लॅक टॉक!' डिसेंबर 1969 चं. तिथे आयड्रिस मुहम्मदचे ड्रम्स आणि कोंगा मिळून ठेका पूर्ण फिरवतात, तरी 'मोर टुडे दॅन यस्टरडे'ची अकरा मिनिटं डाव्या हाताच्या बळावरच धावतात. अर्लंड मुळात सॅक्सोफोन वाजवायचा, मॅग्रिफच्याच बँडमध्ये, आणि तिथे बसून ऑर्गन शिकला.

लॅरी यंगचं 'युनिटी' (1965) मोठंच आहे, पण ते या यादीत नको. न्यूआर्कचाच मुलगा, सुरुवात याच संगीतात केली आणि मग दुसरीकडे निघून गेला. आधी 'युनिटी' ऐकून मग मागे आलात तर बाकीचे उगाच साधे वाटतील, आणि ते त्यांच्यावर अन्यायाचं होईल.

शर्ली स्कॉटबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे. फिलाडेल्फियाची. 1958 मध्ये सॅक्सोफोनवादक एडी 'लॉकजॉ' डेव्हिससोबतच्या 'कुकबुक' अल्बमांनी नाव झालं, पुढे टरेंटाइनशी लग्न झालं आणि दोघांनी मिळून पुष्कळ अल्बम केले. ऑर्गनवाल्यांची नावं घेताना तिचं नाव पाचवं-सहावं येतं, आणि ते मला मनापासून खटकतं. तिचा आवाज स्मिथइतका चढा नाही. ती सुरांचे गुच्छ वाजवते, दाट पण हलके, आणि सॅक्सोफोनच्या वाक्याला नेमकी जिथे दाद हवी तिथे ठेवते. एकल वाजवताना ती दोन-तीन सुरांची एक छोटी कल्पना घेते आणि ती संपेपर्यंत सोडत नाही. बाकीचे लोक टाळ्या मिळवायला जिथे एक सूर धरून बसतात तिथे ती पुढच्या वाक्याला लागलेली असते.

तिचं 'क्वीन ऑफ द ऑर्गन' ऐका. डिसेंबर 1964, पुन्हा तोच न्यूआर्कचा 'फ्रंट रूम'. सोबत टरेंटाइन, ड्रम्सवर ओटिस फिंच, आणि बॉब क्रॅनशॉ, बासवर. म्हणजे इतका वेळ मी ज्या डाव्या हाताचं कौतुक सांगत होते, त्याचं काम इथे दुसऱ्या माणसाकडे आहे. पुष्कळांना यात तिचा कमीपणा वाटतो. मला उलट वाटतं. बास क्रॅनशॉकडे गेल्यामुळे तिचा डावा हात मोकळा झाला, आणि इतरांकडे अभावानेच ऐकू येणाऱ्या कॉर्ड्स (एकाच वेळी वाजवलेले सुरांचे गुच्छ) त्या हातातून येतात. मॅक्डफचा अल्बम संपला की त्याच क्लबमधला हा अल्बम लावा आणि दोघांचा डावा हात ताडून बघा. पुढच्या वेळी भेटाल तेव्हा तुम्हाला कोणाचा आवडला ते सांगा.