आईच्या अनंतावरची अळी

गेल्या सोमवारी ठाण्याला नौपाड्यातल्या घरी आले आणि दुसऱ्या दिवशी जेटलॅगने पहाटेच जाग आली. चहा घेऊन गॅलरीत गेले तर आई चष्मा लावून अनंताच्या कुंडीपुढे उभी. पानं देठापर्यंत कुरतडलेली, खाली फरशीवर मिरीच्या दाण्यांसारखी लीद. "बघ मेलीने काय करून ठेवलंय," म्हणत तिने पेपरवर अळी पाडली. बोटाएवढी, हिरवीगार, अंगावर पांढरी रेघ आणि शेपटीकडे वाकडं शिंग. ती आता खाली भिरकावणार, तेवढ्यात मी ओरडले, "आई, थांब! टाकू नकोस तिला."

हे शिंग मी ओळखत होते. न्यू जर्सीत आमच्या घरामागे छोटीशी बाग आहे. तीन वर्षांपूर्वी तिथल्या लाल बी बामच्या फुलांपुढे हवेत एका जागी थांबून मध पिणारं काहीतरी दिसलं. हमिंगबर्ड आला म्हणून मी मुलांना हाका मारल्या. शेजारच्या सत्तरीच्या बाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "त्याच्या मिशा बघ." पक्ष्याला कुठल्या मिशा! तो पतंग होता, भर दुपारी उडणारा हमिंगबर्ड मॉथ. पंख काचेसारखे आरपार, कडेला तांबूस पट्टा, मागे कोळंबीच्या शेपटीसारखा पंखा, आणि घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली सोंड. कोशातून निघताना त्याच्या पंखांवर खवले असतात, ते पहिल्याच उड्डाणात झडतात आणि खाली काच उरते. बाईंनी हे सगळं मला उन्हात तासभर उभं राहून दाखवलं. इतक्या मायेने तिकडे मला आधी कुणी काही शिकवलं नव्हतं.

पाल्याचंही त्यांनीच सांगितलं. त्याची अळी हनीसकल, चेरी असली पानं खाते आणि थंडीत जमिनीवरच्या वाळक्या पानांत कोष करून पडून राहते. वर बर्फ, खाली तो जीव. आणि आमच्या वसाहतीच्या समितीला नोव्हेंबरात अंगणात एक पान चालत नाही. सकाळी आठपासून पानं उडवणाऱ्या मशिनांची घरघर, दारोदार कागदी पिशव्यांच्या रांगा. गेल्या वर्षी मी झुडपाखाली दोन घमेली पाला मुद्दाम ठेवला. पहिलं पत्र आलं, मग दुसरं, दंडाचं. मी पतंगाचा फोटो जोडून सविस्तर उत्तर पाठवलं. दंड माफ झाला नाही. भरला, पण पाला हलवला नाही. आपण पिंपळाखालचा पाला वर्षानुवर्षं बघत वाढलेली माणसं, झाडाच्या पायाशी पान असणं हा गुन्हा कसा? यंदा जूनमध्ये दोन पतंग आले. ते त्याच पाल्यातले, असं मी धरून चालले आहे.

आणि आता इथे, आईच्या कुंडीत, त्याच घराण्यातला इकडचा पतंग. ह्याचेही पंख पारदर्शक, हाही दिवसा उडतो, घाणेरीच्या फुलांवर येतो. अनंत आणि कॉफी एकाच कुळातली झाडं, दोन्हींवर ह्याची अळी वाढते, म्हणून इंग्रजीत त्याला 'कॉफी बी हॉकमॉथ' असं कॉफीचं नाव पडलं. लिनियस ह्या शास्त्रज्ञाने त्याला 1771 साली शास्त्रीय नाव दिलं, तिकडच्या माझ्या पतंगाला फॅब्रिशियस ह्या दुसऱ्या शास्त्रज्ञाने 1775 साली. चार वर्षांनी आपला थोरला. मला हे वाचून फार बरं वाटलं.

दादा म्हणाला, "हे बघायला अमेरिकेत जावं लागलं का?" लागलं. इथे होते तेव्हा आठ बाराची फास्ट लोकल चुकू नये एवढंच डोक्यात असायचं. तिकडे दुपारी अर्धा तास पायरीवर बसता येतं, आणि त्या अर्ध्या तासाची किंमत मी मोजली आहे. इथे कुणी बघतच नाही असंही नाही. घोडबंदर रोडवर ओवळेकरवाडीत लोक खास फुलपाखरं बघायला जातात, 2015 साली महाराष्ट्राने नीलवंताला राज्य फुलपाखरू केलं. पतंग दिसला की मात्र अजूनही हात चपलेकडेच जातो. इतकी वर्षं ह्याच गॅलरीतून आम्ही किती अळ्या खाली टाकल्या असतील, ते आठवून पोटात तुटतं.

आईने श्रीखंडाच्या डब्यात माती भरली, वर सुकी पानं घातली, झाकणाला सुईने भोकं पाडली. रोज अनंताची पानं ती स्वतः निवडून देत होती, तीही कोवळी. काल रात्री अळीने खाणं सोडलं आणि ती मातीत शिरली. आज सकाळपासून आई दोनदा डोकावून आली, मावशींना "ह्या डब्याला हात लावायचा नाही" म्हणून बजावून झालं. माझं विमान शनिवारी आहे. पंख फुटतील तेव्हा मी इथे नसेन. तिकडे रात्रीचे दोन वाजले असले तरी व्हिडिओ कॉल कर, असं आईकडून कबूल करून घेतलंय.