ट्रॅकिंग सूट: पहिल्या 20 जंप कशात गेल्या

स्कायडायव्हिंगमध्ये पॅराशूट उघडण्याआधी, खाली पडता पडता पुढेही उडत जाणं म्हणजे ट्रॅक करणं; ट्रॅकिंग सूट त्यासाठीचा. त्याची पहिली जंप फसवी असते. सूट फुगतो, अंग आपसूक पुढे सरकतं आणि वाटतं, जमलं की! पुढच्या बहुतेक जंप मग दोनच गोष्टींवर गेल्या: कुठल्या दिशेला उडायचं आणि पॅराशूट उघडण्याआधी वेग कसा मोडायचा.

शिकलो कॅलिफोर्नियातल्या पेरिसला (फ्रान्सचं नव्हे, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगोच्या मधलं). तोवर 150 च्या आसपास जंप झाल्या होत्या आणि साध्या जंपसूटमध्ये सरळ रेषेत ट्रॅक करता येत होतं. त्याआधी या वाटेला जाऊ नये असं माझं मत. विंगसूटसाठी (हातपायांमध्ये कापडाचे पंख असलेला सूट) अमेरिकन पॅराशूट संघटना यूएसपीए किमान 200 जंप मागते. ट्रॅकिंग सूट त्याच्या अलीकडची पायरी. ट्रॅकिंग सूटमध्ये हातपाय कापडाने जोडलेले नसतात. जाकीट आणि पँटला हवा आत घेणारी तोंडं असतात आणि आतल्या दाबाने कापड ताठ होतं. पुण्याच्या शीतल महाजनांनी 2018 मध्ये थायलंडला नऊवारी नेसून उडी मारली होती. साडीत कापड सुटू नये याची चिंता; इथे तेच कापड मुद्दाम फुगवायचं.

सूट आत, रिग (पाठीवरची पॅराशूटची पिशवी आणि तिचे पट्टे) वरून. पायपट्टे आवळताना पँटचं जास्तीचं कापड पट्ट्याखाली दुमडून राहतं, मग हवेत गेल्यावर पट्टा सैल पडतो. म्हणून आवळल्यावर दोनदा उठाबशा काढायच्या आणि पुन्हा आवळायचं. दुसरी जागा कमरेची. जाकीट फुगलं की कापड रिगच्या तळाशी असलेल्या पायलट शूटच्या (मुख्य पॅराशूट ओढून काढणारं छोटं पॅराशूट) हँडलभोवती येतं. जमिनीवर सहज लागणारा हात हवेत कापडावरच आपटतो. मी जमिनीवर हातमोजे घालून 20 वेळा सराव केला आणि पहिल्या तिन्ही जंपमध्ये हवेत दोन-दोनदा हँडलला नुसता हात लावून पाहिला.

दारातून निघताना घाई नडते. सुरुवातीला हवा खालून नव्हे, विमानाच्या पुढून येते. तेव्हाच पाय ताणून ट्रॅक धरला तर थेट कोलांटी बसते. छाती हवेकडे, नेहमीची कमान (पोट पुढे, हातपाय मागे), सूट भरल्याचं जाणवलं की हळूहळू लांब व्हायचं.

शरीराच्या ठेवणीत मी आधी पाय लावले, मग बाकीचं. गुडघे ताठ, पावलांची टोकं मागे ताणलेली, पायांत खांद्याएवढं अंतर. मग खांदे पुढे वळवून पाठीला किंचित गोलाई. हात शरीरापासून साधारण 30 ते 45 अंशांवर, तळवे खाली. बहुतेकांची चूक कमरेत वाकण्याची, माझीही तीच. पोटाशी घडी पडली की अंग वरखाली हेलकावतं आणि पुढे जायचं सोडून खाली बसतं. एक गुडघा जरासा सैल राहिला की नकळत वळण लागतं, आणि माणूस ते हाताने दुरुस्त करायला जातो. हात सोडा, पाय बघा. पहिल्या काही जंपनंतर पोटऱ्या दुखल्या नाहीत, तर पाय ताठ नव्हते असं समजावं.

वेगाच्या भावनेवर विश्वास ठेवू नये. डोकं खाली घातलं की कानात वारा गर्जतो आणि वाटतं, काय पळतोय! प्रत्यक्षात आपण खाली पळत असतो. फ्लायसाइटसारखं जीपीएस यंत्र हेल्मेटला लावलं की ते कानात आवाजाने कळतं. ताशी 150 किलोमीटर खाली आणि 150 पुढे, म्हणजे ग्लाइड (जितकं खाली, त्याच्या किती पट पुढे) 1. नवख्याने हेच ध्येय ठेवावं.

आता दिशा. 12,500 फुटांवरून निघून 5,000 ला उघडायचं, म्हणजे हातात 7,500 फूट, जवळपास 2.3 किलोमीटर उंची. ग्लाइड 1 धरला तर तेवढंच आडवं अंतर. विमानाच्या रेषेवर हे अंतर कापलं तर थेट पुढच्या किंवा मागच्या गटाच्या उघडणाऱ्या पॅराशूटांत शिराल. म्हणून रेषेशी काटकोन करून बाहेर पडायचं. पण सगळं अंतर काटकोनातच गेलं तर परतीचा हिशेब तंग होतो: 5,000 फुटांवरून साध्या पॅराशूटने वारा नसताना तीनेक किलोमीटर, आणि समोरून वारा असला तर बरंच कमी. मी शेवटून बाहेर पडायचो, तेव्हा अर्धं अंतर काटकोनात, मग दुसरं काटकोनी वळण घेऊन रेषेला समांतर, मैदानाच्या दिशेने. हे आधी हवाई छायाचित्रावर आखून जंप नियोजकाला दाखवायचं. कोणता गट कोणत्या बाजूला जाणार हे तिथेच ठरतं. खूण पायाखालची नको, ती सरकते. क्षितिजाजवळची घ्यावी. पेरिसला तलाव नजर ओढून घेतो आणि जिथे नजर जाते तिथेच अंग जातं.

उघडण्याची सुरुवात 6,000 फुटांवर. पाय हळूहळू दुमडायचे, हात पुढे आणायचे, नेहमीच्या पोटावरच्या ठेवणीत यायचं आणि तीन-चार सेकंद तसंच थांबायचं. एकदम थांबलात तर अंग वर उसळतं. वर-मागे कोणी असेल तर धडक. पुढच्या वेगातच पायलट शूट फेकला किंवा हँडलकडे हात नेताना उजवा खांदा पडला, तर दोऱ्यांना पीळ बसतो. छोट्या, चपळ पॅराशूटवर तो पीळ बघता बघता गरगर फिरायला लागतो. या काळात मोठं, शांत पॅराशूटच वापरावं.

एक गोष्ट मला उशिरा कळली. सायप्रेस या आपोआप पॅराशूट उघडणाऱ्या सुरक्षा यंत्राचा एक्स्पर्ट प्रकार साधारण 750 फुटांवर राखीव पॅराशूट सोडतो, पण खाली येण्याचा वेग ताशी 126 किलोमीटरहून जास्त असेल तरच. चांगल्या सपाट ट्रॅकमध्ये हा वेग त्याच्या खाली जाऊ शकतो. मनगटावरच्या ऑल्टिमीटरच्या (उंचीमापकाच्या) जोडीला कानातला गजर 6,500 आणि 5,500 ला लावून ठेवला, तेव्हा कुठे धीर आला. नेहमीच्या वेळेची सवय इथे उपयोगी नाही; तेवढीच उंची उतरायला जास्त वेळ लागतो.

उघडल्यावर घोट्याजवळच्या चेन थोड्या उघडाव्यात, नाहीतर उतरून पळताना पँटचं मागचं कापड टाचेखाली येतं. आणि चेन परत लावायच्या आधी दात बघावेत. पेरिसच्या कोरड्या गवताची कुसळं त्यात बसतात, आणि चेन फाटते ती नेमकी विमानात चढताना.