ताईच्या घरचा रविवार

एप्रिलच्या शेवटी आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, व्हीबीएस (मुलांची सुट्टीतली बायबल शाळा) संपली, त्या संध्याकाळी मी घरी येऊन पायरीवरच बसले. कुलूप काढायचंही त्राण नव्हतं. शाळेचे निकाल, गुड फ्रायडेला ख्रिस्ताच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची तयारी, ईस्टरची पहाटेची उपासना आणि लगेच मुलांचे दहा दिवस. हे सगळं मी मनापासून करते, आजही करते. पण त्या रात्री प्रार्थनेला बसले तर डोळे मिटल्या मिटल्या खाऊच्या पैशांचा हिशेब सुरू झाला. प्रभूशी बोलायला एक शब्द सापडेना. तेव्हा ठरवलं, आठ दिवस ताईकडे जायचं.

ताई इंदूरला. आमच्या नगर जिल्ह्यातली चौंडीची अहिल्या होळकरांची सून होऊन माळव्यात गेली, त्यामुळे आपल्या मुलींना ती वाट परकी नाही, असं आई ताईच्या लग्नात सगळ्यांना सांगत होती. संध्याकाळची बस धरली. धुळे, शिरपूर, बिजासन घाट, सेंधवा. खलघाटला नर्मदेचा पूल आला तेव्हा बाहेर अंधार होता. पुलावर बसचा आवाज बदलला, त्याने जाग आली आणि पुढे झोप लागली नाही.

निघण्याआधी दोन गोष्टी नीट केल्या होत्या. संडे स्कूलचं रजिस्टर आणि किल्ल्या एका तरुण शिक्षिकेकडे दिल्या आणि मंडळीचा ग्रुप म्यूट केला. तिसरी गोष्ट मात्र चुकली. मी वहीत तक्ता आखला होता : बायबलमधली दीडशे स्तोत्रं, आठ दिवस, रोज १९. सुट्टीत देवाजवळ जायचं तर काहीतरी ठोस हवं, असं मला वाटत होतं.

मंगळवारी पहाटे गच्चीवर बसून पहिली १९ वाचली. बुधवारी विसावं ते अडतिसावं. वहीत खूण केली, पायऱ्या उतरायला लागले आणि मध्येच थांबले. विसावं ते अडतिसावं, म्हणजे त्यात तेविसावं होतं. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे आजीच्या मांडीवर पाठ झालेलं स्तोत्र. आजीच्या दफनविधीला मीच ते मोठ्याने वाचलं होतं. ते त्या सकाळी माझ्या डोळ्यांखालून गेलं आणि मला कळलंही नाही. मी जिन्यातच बसून रडले.

ताईने वर येऊन पाहिलं. काही विचारलं नाही. मागच्या खोलीत नेलं, पडदा ओढला, कूलर लावला आणि म्हणाली, "आधी झोप. मग रडायचं असेल तर रड."

मी दुपारी दीडपर्यंत झोपले. उठून जेवले, पुन्हा झोपले. संध्याकाळी जाग आली तेव्हा एलीया आठवला. बायबलमधलं '१ राजे' हे पुस्तक, अध्याय १९. कर्मेल डोंगरावरच्या एवढ्या मोठ्या विजयानंतर हा संदेष्टा रानात एका झुडपाखाली जाऊन पडतो आणि देवाकडे मरण मागतो. संडे स्कूलमध्ये मी हा अध्याय कितीतरी वेळा शिकवला आहे आणि दर वेळी घाईने होरेब डोंगरावर त्याला ऐकू येणाऱ्या देवाच्या मंद वाणीपर्यंत पोचले आहे. त्याच्या आधी काय घडतं याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. देवदूत त्याला काही शिकवत नाही, रागावत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी त्याच्या उशाशी ठेवतो. एलीया खातो, पितो आणि पुन्हा निजतो. मग दुसऱ्यांदा तेच. होरेबपर्यंतची चाळीस दिवसांची वाट त्या अन्नाच्या बळावर झाली. वहीतला तक्ता मी त्याच रात्री फाडला.

पण खरी गोष्ट पुढे आहे.

गुरुवारी मी उशिरा उठले, हलकी होऊन. ताईने पोहे पुढे ठेवले. इंदूरचे पोहे वाफेवर धरलेले असतात, वरून जिरावन, शेव, कांदा. खाता खाता सहज तिच्या हाताकडे लक्ष गेलं. उजव्या मनगटावर भाजल्याचा ताजा डाग होता आणि त्याच्या शेजारी दोन जुने. तेव्हा मी पहिल्यांदा हिशेब केला की हे घर पाचला उठतं, म्हणजे ताई उठते. सासऱ्यांचा बिनसाखरेचा चहा, दाजींचा डबा, भाचीचा कोचिंगचा डबा, पाण्याची वेळ आणि आता माझे पोहे. रात्री साडेदहाला ओटा पुसतानाही तीच उभी. मी विसावा शोधायला आले होते आणि तो मला ताईच्या कष्टांतून मिळत होता.

दुपारी बायबलमधली शब्बाथाची, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा काढून वाचली. शब्बाथ या शब्दाचा मूळ अर्थच थांबणं. 'निर्गम' या पुस्तकात या आज्ञेचं कारण सृष्टीची उत्पत्ती आहे : देवाने सहा दिवस काम केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. 'अनुवाद' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात तीच आज्ञा पुन्हा येते, पण कारण वेगळं दिलंय : तू मिसरात (इजिप्तमध्ये) दास होतास याची आठवण ठेव. गुलामाला सुट्टी नसते. म्हणून विसावा तुझ्या एकट्याचा नाही; मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतला परकासुद्धा त्यात आला. तुझ्याप्रमाणेच त्यांनाही विसावा मिळावा, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. आपण ख्रिस्ती लोक पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवार पाळतो. पण आपल्या घरांत रविवारी उपासनेहून आल्यावर मटण कोण शिजवतं? हे मी कुणाला टोचून बोलत नाही. इतकी वर्षं मीसुद्धा तो दिवस असाच पाळला.

मी ताईला म्हटलं, "या रविवारी तू गॅसजवळ जायचं नाहीस."

"अगं, मग खायचं काय सगळ्यांनी?"

"शनिवारी करून ठेवू. दोघी मिळून."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "दशम्या टिकतात."

शनिवारी संध्याकाळी आम्ही बसलो. ताईने दुधात गूळ विरघळवून घेतला आणि कणीक त्यातच मळली, पाण्याचा थेंब नाही. आईच्या हाताखाली शिकलो तशाच. ती लाटत होती, मी भाजत होते. गुळामुळे दशमी लवकर करपते, तव्यावरून नजर हलवता येत नाही. पस्तीसेक झाल्या. शेंगदाण्याची चटणी, दही, लोणचं. भाचीने कांदे चिरून डब्यात भरले. साडेनऊला गॅस बंद झाला आणि गच्चीवर गाद्या पडल्या. माळव्याची रात्र म्हणतात ती काय, हे त्या वाऱ्यात कळलं. दिवसभर तापलेली गच्ची, वर मात्र गार झुळूक. ताई म्हणाली, "तू वाच ना काहीतरी." मी तेविसावं म्हटलं. 'तो मला संथ पाण्यावर नेतो' इथपर्यंत आले आणि पाहिलं तर ती झोपली होती. उरलेलं मी हळू आवाजात पुरं केलं.

सकाळी चहापुरता गॅस दाजींनी पेटवला. मग आम्ही रेसिडेन्सी भागातल्या पांढऱ्या चर्चमध्ये गेलो, सेंट अ‍ॅन्स, १८५८ सालचं. दारात "जय मसीह की" म्हणत लोक हात हातात घेत होते. मला तिथे कुणी ओळखत नव्हतं. दानपेटी मोजायची नव्हती, कोण आलं नाही ते बघायचं नव्हतं, पुढच्या गीताचा क्रमांक शोधून द्यायचा नव्हता. मी मागच्या बाकावर ताईला चिकटून बसले. प्रभूची प्रार्थना सगळे हिंदीत म्हणत होते, आम्ही दोघी हळू आवाजात मराठीत : 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. दोन्ही भाषांची लांबी सारखी नाही, त्यामुळे आमचं आमेन मागे राहिलं. त्या रिकाम्या क्षणात फक्त आमचे दोन आवाज उरले. मन कुठेही पळालं नाही. मी प्रभूसमोर होते, एवढंच.

दुपारी जेवणं झाली. ताटं भाचीने आणि दाजींनी उचलली. सासरे दशमीचा तुकडा दह्यात बुडवून म्हणाले, "छान झालीय, सूनबाई, आज बस तू." ताई खरंच बसली. मग आडवी झाली. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले होते. तिच्या नखांच्या कडांना हळद होती, धुऊनही न जाणारी. पंख्याचा आवाज सोडला तर घर शांत होतं. चारला तिने डोळे उघडले, दचकून उठायला गेली, मग आठवलं आणि परत उशीवर डोकं टेकवलं.

सोमवारी रात्री मी नगरची बस धरली. पुढच्या शनिवारी साडेनऊला ताईने फोटो पाठवला : स्टीलचा डबा, आत दशम्या, शेजारी बंद शेगडी. मी तेव्हा आमच्या ओट्याशी उभी होते, तवा अजून गरम होता.