सेल्फ मारला की नुसतं ‘टक’

किल्ली फिरवली की बॉनेटखालून एकच ‘टक’ यायचं, पुढे काही नाही. पाच-सहा वेळा मारल्यावर कधीतरी सेल्फ (इंजिन सुरू करायला त्याला फिरवणारी मोटर) फिरायचा, तोही अंगात जीव नसल्यासारखा. आमची गाडी तिशी ओलांडलेली आहे. कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या भागात, पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर असलेली. बाबांनी ती आयुष्यभर चालवली, त्यांच्यानंतर माझ्याकडे आली. ती चालती ठेवायची हे माझं पक्कं होतं, पण कशी ठेवायची हे मला त्या एका वर्षात शिकावं लागलं. कारण तिला एकाच वेळी तीन-चार दुखणी होती, ती एकमेकांत मिसळली होती आणि मी त्यांना एकच समजत होतो.

पहिल्या झटक्यात मी बॅटरी बदलली. न तपासता. आठवडाभर गाडी बरी वागली आणि परत ‘टक’. मग सेल्फ उतरवून दुरुस्तीला दिला. त्याचे ब्रश आणि बुश बदलून आले. चार दिवस बरे गेले, परत तेच. नवीन बॅटरी आणि दुरुस्त सेल्फ यांच्यामुळे मधल्या मधल्या दिवसांत थोडा फरक पडायचा, म्हणून आपण बरोबर दिशेने चाललोय असं वाटत राहायचं. जुन्या गाडीत हे फार फसवं असतं.

वाट सापडली ती क्लचच्या केबलमुळे. एका सकाळी मी वारंवार सेल्फ मारत होतो. मग बॉनेट उघडून सहज हात फिरवला तर क्लचच्या केबलला चांगलाच चटका बसला. इंजिन थंडगार, मग केबल कशाने तापली? तिथेच मी थांबलो आणि नीट विचार केला. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं. सेल्फने घेतलेला करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत यायला इंजिनपासून बॉडीपर्यंत जाड विणलेली अर्थची पट्टी दिलेली असते. ती पट्टी नीट काम करत नसेल तर करंट मिळेल त्या धातूतून वाट काढतो. आमच्या गाडीत तो क्लचच्या केबलमधून परत जात होता.

गंमत म्हणजे ही पट्टी मी आधी तपासली होती. मल्टिमीटर बझरवर (जोड सलग असेल तर बीप देणारी सेटिंग) ठेवून दोन्ही टोकांना प्रोब लावले आणि बीप वाजला. टेस्ट लॅम्प लावला, तोही लख्ख पेटला. म्हणून पट्टी ठीक आहे असं मी धरून चाललो. यातली चूक मला नंतर उमगली. टेस्ट लॅम्पला अर्धा अँपिअर लागतो, सेल्फला शंभराच्या वर. समजा जोडात 0.02 ओहमचा अडथळा आहे. लॅम्पला त्याचा पत्ताही लागत नाही, साधा मीटर तो दाखवू शकत नाही. पण 120 अँपिअर त्यातून जायला लागले की तिथेच 2.4 व्होल्ट खर्ची पडतात. सेल्फच्या सोलेनॉइडला (मोटरला करंट जोडून देणारा चुंबकी स्विच) करंट थोडाच लागतो, म्हणून तो ‘टक’ करून ओढला जातो. मोटर फिरवायला मात्र ताकद उरत नाही.

म्हणून खरी तपासणी सेल्फ फिरत असतानाच करावी लागते. गाडी सुरू होऊ नये म्हणून कॉइलची (प्लगच्या ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारा भाग) बारीक वायर काढून ठेवली, गियर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मीटर डीसी व्होल्टवर ठेवला. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (वायरच्या क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खांबावर) आणि लाल प्रोब इंजिनच्या स्वच्छ धातूवर. बायकोला किल्ली फिरवायला सांगितली. मीटरने 2.4 दाखवले. सगळं ठीक असेल तर हा आकडा 0.2 च्या आत हवा. मग प्रोब टप्प्याटप्प्याने सरकवत गेलो. खांब ते बॉडी ठीक. पट्टीचं बॉडीकडचं टोक ते बॉडी, इथे जवळजवळ सगळे व्होल्ट हरवत होते. बोल्ट खोलला तर खाली रंगाचा थर होता. कधीतरी गाडीला रंग दिला तेव्हा पट्टी त्या रंगावरच आवळली गेली होती आणि बोल्टच्या आट्यांतून जेमतेम करंट जात होता. तिथे नंतर गंज चढला.

पॉलिश पेपरने धातू चकचकीत होईपर्यंत घासला, पट्टी नवीन घातली, आवळल्यावर वरून ग्रीस लावलं. परत मोजलं: 0.08. बायकोने किल्ली फिरवली तेव्हा सेल्फचा जो आवाज आला तो मी बाबांच्या काळानंतर ऐकला नव्हता. मला भरून आलं, हे लिहायला मला काहीच संकोच वाटत नाही.

याच नादात आणखी एक गोष्ट सुटली. रात्री दिवे लावले की टेंपरेचरचा काटा वर चढायचा आणि मी घाबरून गाडी बाजूला घ्यायचो. थर्मोस्टॅट बदलायचा विचार चालू होता. पण नीट पाहिलं तर पेट्रोलचा काटाही त्याच वेळी वर जात होता. दोन काटे एकदम हलतात तेव्हा इंजिन गरम झालेलं नसतं, त्या दोघांना सारखी असलेली एखादी जागा बिघडलेली असते. जुन्या डॅशबोर्डमागे या काट्यांसाठी एक छोटा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो आणि त्याला अर्थ कमी पडला की तो जास्त व्होल्टेज सोडतो. डॅशबोर्डच्या अर्थचा स्क्रू घासून आवळला, काटे जागेवर.

एवढं झाल्यावर गाडी रोज चालवली तर उत्तम, पण चार-पाच दिवस उभी राहिली की बॅटरी बसायची. हे दुखणं वेगळं होतं. बॅटरी पूर्ण चार्ज करून, काही तास तशीच ठेवून मोजली तर 12.6 व्होल्ट, म्हणजे तब्येत चांगली. इंजिन चालू असताना 13.9, म्हणजे चार्जिंगही होतंय. मग वीज कुठेतरी गळतेय.

गळती मोजायची पद्धत सोपी आहे, पण घाई चालत नाही. किल्ली काढून दारं, डिकी बंद केली. निगेटिव्हची वायर सोडवून ती आणि खांब यांच्यामध्ये मीटर लावला. लाल प्रोब 10 अँपिअरच्या भोकात. मीटर असा लावलेला असताना सेल्फ अजिबात मारायचा नाही, मीटरचा फ्यूज तत्काळ उडतो. आणि बॅटरी सोडवताना नेहमी निगेटिव्ह आधी काढावी, लावताना शेवटी लावावी. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेली असेल तर थेट शॉर्ट होतो. हे मी आवर्जून सांगतो, कारण त्या ठिणगीने हात भाजतो आणि बॅटरीतून निघणारा वायू पेट घेऊ शकतो.

अशा गाडीत घड्याळ आणि म्युझिक सिस्टिमची मेमरी धरून 20-30 मिलिअँपिअर समजू शकतो. माझ्या मीटरवर 280 होते. हिशेब केला: दिवसाला साधारण पावणेसात अँपिअर-अवर. 60 अँपिअर-अवरची बॅटरी पाच दिवसांत निम्म्याखाली येणार. लक्षण आणि आकडा जुळले, म्हणजे हाच गुन्हेगार.

एकेक फ्यूज काढत गेलो. आकडा ढिम्म. सगळे फ्यूज काढले तरी 250 च्या वर. इथे मी तासभर अडकलो. डिकीतला दिवा, ग्लोव्ह बॉक्सचा दिवा, सगळं पाहून झालं होतं. शेवटी गाडीच्या वायरिंगचा आराखडा समोर घेऊन बसलो आणि फ्यूजमधून न जाणाऱ्या वायरी कोणत्या ते शोधलं. आमच्या गाडीत दोनच जाड वायरी तशा निघाल्या, एक सेल्फची आणि एक अल्टरनेटरची. बॅटरी सोडवून अल्टरनेटरची जाड वायर काढली, तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली, फ्यूज बसवून परत मीटर लावला. 25 मिलिअँपिअर!

अल्टरनेटरमधले डायोड करंट एकाच दिशेने जाऊ देतात. त्यातला एखादा गळका झाला की उभ्या गाडीत बॅटरीची वीज त्यातून उलटी झिरपत राहते. चार्जिंग मात्र बरंचसं ठीक दिसतं, म्हणून अल्टरनेटरवर संशयच जात नाही. डायोडची प्लेट बदलून घेतली.

राहिलं तिसरं. हे सगळ्यात चिवट होतं. लांबच्या प्रवासात तासाभराने गाडी मिसिंग करायची (मधेमधे ठोके चुकवत अडखळायची), मग बंद पडायची आणि वीस मिनिटांनी काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. ज्याला विचारावं तो पेट्रोलची वाफ होते, असं सांगायचा. कार्ब्युरेटरच्या गाडीत तसं होतंही. पण अंदाजाने सुटे भाग बदलायचे नाहीत हे मी आता शिकलो होतो. असं दुखणं घरी, थंड इंजिनवर सापडत नाही. ते जिथे होतं तिथेच पकडावं लागतं. म्हणून डिकीत एक जादा प्लग आणि मीटर ठेवायला लागलो.

पुढच्या वेळी बंद पडली तेव्हा गाडी रस्त्याच्या पूर्ण बाजूला घेतली. एअर फिल्टरचं झाकण काढून हाताने रेस दिली. कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोलची बारीक धार स्पष्ट पडली. म्हणजे पेट्रोल येतंय. मग एका प्लगची वायर काढून जादा प्लगला लावली, प्लगचा धातू इंजिनच्या धातूवर टेकवून सोडून दिला, सेल्फ मारला. ठिणगी नाही. कॉइलला हात लावला तर ठेवता येईना. ओल्या फडक्याने कॉइल थंड केली, पाच मिनिटांत ठिणगी आली आणि गाडी सुरू झाली. वीस मिनिटं थांबल्यावर आपोआप का बरी व्हायची याचं उत्तर मिळालं.

पण कॉइल एवढी का तापते? घरी आल्यावर तिची प्राथमिक बाजू मोजली, 1.5 ओहम. ही कॉइल अशा गाड्यांसाठी असते, ज्यांत तिच्या आधी करंट मर्यादित ठेवणारा बॅलास्ट रेझिस्टर जोडलेला असतो. आमच्या गाडीत तो नाहीच, इथे 3 ओहमची कॉइल हवी. कधीतरी कोणीतरी दिसायला सारखी म्हणून ही बसवली असणार. 14 व्होल्टला 3 ओहमच्या कॉइलमधून साडेचार-पावणेपाच अँपिअर जातात, हिच्यातून नऊच्या वर जात होते. पॉइंट वर्षात दोनदा काळे पडून जळाले होते, मी ते बदलून मोकळा झालो होतो. ते का जळतात हा प्रश्न तेव्हाच विचारला असता तर पुढचे सहा महिने वाचले असते.

कॉइल योग्य ओहमची घातली, पॉइंट आणि कंडेन्सर नवे, प्लगचा गॅप पुस्तकात दिल्याप्रमाणे. त्यानंतर तीन लांबचे प्रवास झाले, कॉइल कोमट राहते.

आता पावसात वायपर हळू चालतात. काल मोटरच्या अर्थवर मीटर लावला, वायपर चालू असताना 0.9 व्होल्ट दिसले. पॉलिश पेपर काढून ठेवलाय.