श्टुटगार्टमधली जिन्याची पाळी

जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये भाड्याचं घर मिळालं की बहुतेक वेळा किल्लीबरोबर जिन्याची पाळीही येते. तिला तिथे केअरवोखे म्हणतात. ऐकताना आपला केर आठवतो आणि अर्थही तोच, झाडण्याचा आठवडा. महापालिकेची सक्ती १९८८ साली उठली, पण घरमालक ही अट भाडेकरारात किंवा इमारतीच्या नियमावलीत घालतात. म्हणून सही करण्याआधीच विचारून घ्या: सफाई भाडेकरूंनी करायची, की कंपनीची माणसं येतात आणि त्यांचे पैसे भाड्यावरच्या खर्चात धरलेत?

पाळी आली की दाराच्या मुठीला पाटी लटकलेली दिसते. छोट्या पाळीत आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना येतो. मोठ्या पाळीत तळघर, मुख्य दार, दारापुढची फरसबंदी आणि पदपथ. पुष्कळ ठिकाणी कचऱ्याचे डबे रस्त्यावर नेऊन ठेवणंही त्यातच.

जिना पुसताना आपली सवय आड येते. आपल्याकडे बादली ओतून खराट्याने पाणी खाली लोटतात. तिथे जुन्या इमारतींचे जिने लाकडी असतात. पाणी फळ्यांच्या फटीत शिरतं, लाकूड फुगतं, पायऱ्या करकरू लागतात. आधी वरून खाली कोरडा केर काढायचा. भिंतीलगतच्या कोपऱ्यांत धूळ साचते, तिथे ब्रश घालायचा. मग फडकं एवढं घट्ट पिळायचं की पायरी दोन-तीन मिनिटांत वाळली पाहिजे. शेवटी कठडा आणि खिडकीची कड. चपलांचं स्टँड दाराबाहेर ठेवू नका. आग लागली तर सगळ्यांना त्याच जिन्याने उतरायचं असतं, त्यामुळे शेजाऱ्यांची तक्रार रास्तच असते.

काम शनिवारपर्यंत उरका. रविवार शांततेचा, त्या दिवशी व्हॅक्यूम क्लीनर लावायचा नाही, आणि काचेच्या रिकाम्या बाटल्या चौकातल्या डब्यात टाकायलाही जायचं नाही, त्यांचा खळखळाट गल्लीभर ऐकू जातो.

हिवाळ्यातली मोठी पाळी मात्र खरी जोखमीची. कामाच्या दिवशी साधारण सकाळी सातच्या आत पदपथावरचा बर्फ बाजूला करून बारीक खडी पसरावी लागते. मीठ टाकायला बऱ्याच शहरांत मनाई आहे. घसरून कुणाचा पाय मोडला तर भरपाईची मागणी पाळीवाल्यापर्यंत येऊ शकते. नुकसानभरपाईचा खाजगी विमा, त्याला तिकडे हाफ्टफ्लिश्ट म्हणतात, पहिल्याच महिन्यात उतरवून टाका.

गणपतीला किंवा दिवाळीला चार आठवडे गावी जाणार असाल तरी पाळी चुकत नाही. तिकीट काढलंत की त्याच आठवड्यात शेजाऱ्यांशी बोला, आधीची किंवा नंतरची पाळी मागून घ्या आणि फलकावरच्या यादीत दोघांची नावं बदलून लिहा. तोंडी ठरवलेलं महिन्याभराने कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि पाटी रिकाम्या घराच्या दाराला लटकत राहते.